टेबल फुकट, माल बाहेरनं: शाहूपुरीतल्या एका मिनिएचर दुकानाचं प्रकरण

डिसेंबर २०१८ मधला एक रविवार माझ्या वहीत लिहून ठेवलाय. दुकानात पोरं चौदा, टेबलावर गेम दोन, चहा अठ्ठावीस कप (मामांच्या खात्यावर, मामा म्हणजे दुकानाचे मालक), आणि बिलं तीन. त्या तीनातलं एक बिल काळ्या रंगाच्या बाटलीचं, एक ब्रशचं आणि एक कॅरम पावडरचं. कॅरम पावडर नेणारे तर शेजारचे काका होते, त्यांचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

मी या दुकानाची जीएसटी रिटर्नं भरायचो, अजून भरतो, आणि त्याच टेबलावर खेळायचोपण, त्यामुळं हे प्रकरण मला दोन्ही बाजूनं माहितीय. दुकानाचं नाव सांगत नाही, मामांना आवडणार नाही. शाहूपुरीत, कुंभार गल्लीपासनं चालत दोन मिनिटं एवढं पुरे. कोल्हापुरातल्या ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल.

आधी ज्यांना मिनिएचर (आम्ही मिनी म्हणतो) म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण इंचभर उंचीचे सैनिक, राक्षस, घोडेस्वार, रणगाडे. प्लॅस्टिकच्या चौकटीत सुटे भाग येतात, त्या चौकटीला स्प्रू म्हणतात, ते कापायचे, चिकटवायचे, प्रायमर (रंगाआधीचा खालचा थर) मारायचा, रंगवायचे, मग सहा बाय चारच्या टेबलावर दोन सैन्यं मांडून पट्टी आणि फासे घेऊन लढाई खेळायची. यातली सगळ्यात मोठी कंपनी म्हणजे इंग्लंडातली गेम्स वर्कशॉप. १९७५ मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केलेली, पहिलं दुकान १९७८ ला हॅमरस्मिथमध्ये, वॉरहॅमर १९८३ चा आणि त्याचा अंतराळातला भाऊ, वॉरहॅमर ४०,०००, तो १९८७ चा. आता मुख्यालय नॉटिंगहॅमला. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडन शेअर बाजाराच्या शंभर मोठ्या कंपन्यांत जाऊन बसली. म्हणजे धंदा मेला म्हणून दुकानं मेली असं काही नाहीय, उलट धंदा जोरात आहे आणि तरी गल्लीतल्या दुकानाचं शटर अर्धं खाली, हेच तर या प्रकरणातलं कोडं.

मामांचं मूळ दुकान वह्या-पेनं, कॅरम, क्रिकेटच्या बॅटी याचं. २०११ ला पुतण्या नॉटिंगहॅमला शिकायला गेला आणि सुट्टीत येताना मिनिएचरची एक पेटी घेऊन आला. मामांनी ती उघडून पंधरा दिवसांत रंगवली आणि काचेच्या कपाटात ट्यूबलाईटखाली लावली. बास. शाळा सुटलेली पोरं काचेला नाक लावून उभी. तिथनं पुढं मुंबईच्या एका पुरवठादाराकडनं माल यायला लागला, बॅटी मागं गेल्या, पेट्या पुढं आल्या, आणि मधोमध टेबल आलं.

टेबलाचं सांगायलाच पाहिजे. आठ बाय चारची प्लाय आणली, सहा फुटाचं टेबल कापलं आणि उरलेल्या दोन फुटाचा काउंटर केला. म्हणजे गिऱ्हाईक आणि गल्ला एकाच प्लायमधनं निघाले म्हणा, पण वाटणीत गल्ल्याच्या वाट्याला दोनच फूट आले. तेव्हा कुणाच्या हे डोक्यात आलं नाही.

मामा शिकवायचे भारी. नवीन पोरगं आलं की एक मिनी हातात, एक जुना ब्रश, "रंग". पोरगं बाटलीतनं थेट रंग थापायला लागलं की मामा ओरडायचे, "आरं, गंगावेशीतल्या धारोष्ण दुधागत न्हाई, पाणी घातलेल्या दुधागत पाहिजे रंग! दोन हात मार, पण पातळ मार." कोल्हापूरच्या पोराला यापेक्षा वेगळं समजावून सांगायची गरजच नाही. पावसाळ्यात प्रायमरचा स्प्रे मारू द्यायचे नाहीत, कारण हवेत ओल असली की मिनीवर पांढरी भुकटी धरल्यासारखं होतं आणि सगळं काम वाया. जून ते सप्टेंबर आपल्याकडं काय हवा असते ते सांगायला नको, मग चार महिने ब्रशनं लावायचा प्रायमर खपायचा. हे कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत, कारण व्हिडिओवाला कोल्हापुरात राहत नाही.

आणि खेळ. वॉरहॅमर तर होताच, पण खरी गर्दी व्हायची ती आमच्या पावनखिंडीला. नियम आम्हीच केलेले. १३ जुलै १६६०, खिंड आठ इंच रुंद, एका बाजूला बाजीप्रभू आणि मोजकी माणसं, दुसऱ्या बाजूनं दर फेरीला सिद्दी मसूदची नवी तुकडी टेबलावर येत राहणार. सहाव्या फेरीपासनं प्रत्येक वेळी एक फासा टाकायचा, सहा पडला की विशाळगडावर तोफ झाली, खेळ संपला, मराठे जिंकले. तोपर्यंत खिंड धरायची. बाजारात मराठ्यांच्या मिन्या फार मिळत नाहीत म्हणून दुसऱ्याच सैन्याच्या डोक्यावर एम-सीलच्या पगड्या बसवलेल्या. अडचण एकच, मसूद घ्यायला कोण तयार व्हायचं नाही. चिठ्ठ्या टाकायला लागायच्या. एकदा नववीतल्या एका पोराची चिठ्ठी निघाली, त्यानं चौथ्या फेरीतच खिंड फोडली आणि रडवेला होऊन म्हणतोय, "मामा, परत मांडूया की."

आता हिशेब. गाळा अठरा बाय दहा, १८० चौरस फूट, भाडं नऊ हजार, म्हणजे चौरस फुटाला पन्नास रुपये. टेबल सहा बाय चार, पण चारी बाजूला दोन-दोन फूट उभं राहायला जागा धरली तर दहा बाय आठ, ८० चौरस फूट. म्हणजे नुसत्या टेबलाचं भाडं महिन्याला चार हजार. चार हजाराची एक पेटी विकली की मामांना साधारण आठशे सुटायचे. म्हणजे महिन्याला पाच पेट्या विकल्या तर टेबल फिटणार, वीज, चहा आणि मामांचं पोट त्याच्या पुढं. मी हे कागदावर मांडून मामांना दाखवलं तेव्हा त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि विचारलं, "चहा घेणार न्हवं?"

पेट्या विकल्या जात नव्हत्या असं नाही, पोरं घेत होती, पण ऑनलाइन. तिथं तीच पेटी पंधरा टक्क्यांनी स्वस्त, म्हणजे सहाशे रुपये वाचले, आणि कॉलेजच्या पोराला सहाशे म्हणजे लई. त्या विकणाऱ्याला गोडाऊन लागतं, टेबल लागत नाही, त्यामुळं त्याला परवडतं. मामांकडं मग काय घ्यायची, तर रात्री आठ वाजता संपलेला पांढरा रंग. पेटी बाहेरनं, बाटली मामांकडनं. आणि ती बाहेरनं आणलेली पेटी फोडायची कुठं, तर मामांच्याच टेबलावर, मामांचीच कात्री घेऊन! मीपण केलंय हे, दोनदा, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वेळी मामा म्हणाले, "बघू कसं आलंय ते," आणि एवढं कौतुकानं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इंग्लंडातपण हेच रडगाणं आहे, तिथली स्वतंत्र दुकानं छापील किमतीवर पंधरा-वीस टक्के सोडून विकतात आणि एकमेकांना खातात. पण गेम्स वर्कशॉपची स्वतःची दुकानं तग धरून आहेत, त्यातली कितीतरी एकच माणूस चालवतो, कारण कंपनीला ते दुकान म्हणजे नवीन पोरगं नादाला लावायची जागा असते. पोरानं पुढची पेटी कुठनंही घेतली तरी कारखाना कंपनीचाच. मामांचा कारखाना नव्हता. मामा नॉटिंगहॅमसाठी फुकट पोरं तयार करत होते, याला धंदा म्हणायचं का समाजसेवा?

पाणी

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांना, धोका ४३ फुटांना, आणि पंचगंगा गेली ५५ च्या वर. दुकानात छातीएवढं पाणी. शटर उघडलं तेव्हाचा वास अजून आठवतो.

पण गंमत बघा, प्लॅस्टिकला पाण्यानं काय होतंय? स्प्रू सगळे धडधाकट. गेली ती पेटी, पुठ्ठा, आणि आतला कागद ज्याच्यावर कुठला हात कुठल्या खांद्याला ते लिहिलेलं असतं. सगळे स्प्रू चिखलात एकात एक मिसळलेले. आम्ही सहा जण तीन संध्याकाळी बसलो, बादलीत निरम्यानं धुतले, फोनवर फोटो बघून कुठला स्प्रू कुठल्या पेटीतला ते लावलं, दळणाच्या डब्यासारखे डबे मांडून. जे लागले ते झिपच्या पिशवीत भरले, चिठ्ठी लावली. माल शंभर टक्के चांगला. आणि कोण घेईना. म्हणजे निम्म्या किमतीला घेत होते, पूर्ण किमतीला कोण नाही. मला तेव्हा कळलं की माणूस चार हजार प्लॅस्टिकचे देत नाही, निम्मे तरी त्या चित्राच्या पेटीचे देतो, ती घरी नेऊन उघडायची मजा असते तिचे. आम्ही आमच्या हातानं ती मजा झिपच्या पिशवीत भरून विकायला बसलेलो.

टेबलाची प्लाय फुगून पोळीसारखी झाली होती. त्याच्या जागी कुणाच्यातरी जुन्या घराचं दार आणून टाकलं, कडीच्या जागेला भोक आहे अजून, त्याला आम्ही विहीर म्हणतो.

पुढचं पटापट सांगतो कारण सगळ्यांना माहितीय. फेब्रुवारी २०२० च्या बजेटात खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० वरनं ६० टक्के झाली. मार्चमध्ये लॉकडाऊन. १ जानेवारी २०२१ पासनं खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा, परदेशातल्या कारखान्यालासुद्धा परवाना घ्यायचा, मग भारतात मूठभर पेट्या पाठवणारा छोटा कारखानदार कशाला त्या भानगडीत पडतोय. हा नियम चौदा वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांना, पण हे खेळणं का मोठ्यांचा छंद हे ज्याच्या-त्याच्या समजुतीवर, आणि मामांच्या पुरवठादारानं सरळ हात वर केले. देशी खेळणी करणाऱ्यांना या सगळ्याचा फायदा झाला, ते नाकारत नाही. मामांना नाही झाला. जुलै २०२१ ला पाणी परत ५५ च्या वर, या वेळी माल आधीच माळ्यावर चढवलेला होता, पण चढवायला मालच किती होता?

भिशी

त्या गणपतीनंतर आम्ही बसलो. मामा, त्यांचा मुलगा (त्याचं म्हणणं गाळा सोडा), मी आणि टेबलावरचे चार जुने. मी म्हटलं टेबलाची फी लावा, वीस पोरं आहेत, महिन्याला दोनशे, चार हजार जमले, टेबल फिटलं. मामा उखडले. "तालमीत घुमायला आलेल्या पोराकडनं कोण पैसं घेतंय?" मी म्हटलं मामा, तालमीचा खर्च पेठ उचलते, वर्गणी निघते, तुमचा खर्च कोण उचलतंय? तर गप्प. पण फीला नाहीच म्हणाले. ऑनलाइन विकायचा माझा सल्ला त्यांनी ऐकला होता आधी, त्यात कुरिअरमध्ये मोडलेल्या भाल्यांचे परत आलेले पार्सल सोडून हाताला काय लागलं नाही, ती चूक माझी.

शेवटी डोकं चालवलं ते मामींनी. त्यांची गल्लीतल्या बायकांची साड्यांची भिशी चालते, म्हणाल्या तसंच करा की. बारा पोरं, महिन्याला तीनशे, जमले ३६०० रुपये, रविवारी चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्यानं ३६०० चा माल मामांकडनं उचलायचा. रोख मिळणार नाही. बघा किती सोपं, पोराला एकदम चार हजार काढणं जड जातं, तीनशे जात नाही. मामांना दर महिन्याला एक मोठी विक्री पक्की, पैसे आधी हातात, आणि जे मागवायचं तेवढंच मागवायचं, माल पडून नाही. आणि फी घेतल्यासारखंपण नाही. मी बी.कॉम. करून दहा वर्षं हिशेब लिहितोय, मला हे सुचलं नव्हतं.

पहिली बारा महिन्यांची फेरी झकास गेली. चिठ्ठीच्या रविवारी पंचवीस-पंचवीस माणसं. दुसऱ्या फेरीत फाटलं. एक म्हणजे पेट्या महाग झाल्या, ३६०० त बसेनात (पुढं २०२३ ला ड्युटी ७० टक्के झाली ते वेगळंच). दुसरं, ज्याचं नाव तिसऱ्या महिन्यात निघालं त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला तो गेलाच, नऊ हप्ते बाकी. मामांनी ते नऊ हप्ते स्वतःच्या खिशातनं भरले आणि कुणाला सांगितलं नाही, मला वहीत दिसलं. बायकांच्या भिशीत असं होत नाही कारण बुडवणारी राहते त्याच गल्लीत, रोज नळावर तोंड दाखवायचं असतं. आमच्यातली निम्मी पोरं शिक्षण झालं की पुण्याला जाणारी. हे आधी लक्षात यायला पाहिजे होतं.

आणि तिसरं, प्रिंटर. इंजिनिअरिंगच्या एका पोरानं बावड्यात घरी रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घेतला. एका मिनीला चार-पाच मिली रेझिन, दहा-बारा रुपयांत काम. रेझिनचा वास, हातमोजे, धुवायची कटकट हे सगळं आहे, पण दहा रुपये कुठं आणि चारशे कुठं. महिन्याभरात टेबलावर अख्खं सैन्य. पोरं त्याच्याभोवती. मला वाटलं संपलं आता दुकान.

मावळे

मामांनी त्या पोराला बोलावलं आणि म्हणाले, दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा करून दे, तीन इंची, चांगला, तोंडावर भाव असलेला. पोरानं कंप्युटरवर केला, एक पाय दगडावर, तलवार उगारलेली, ढाल पुढं, एकदम नाद खुळा. तो प्रिंट घेऊन आम्ही कुंभार गल्लीत गेलो, ओळखीच्या एका कारागिराकडं. त्यांनी हातात घेऊन एकदा फिरवला, ढालीखाली अंगठा घातला आणि परत दिला.

"साच्यातनं निघणार न्हाई ह्यो. हाताखाली पोकळ हाय. मोडून निघंल."

मग त्यांनी फळीवरचा एक जुना मावळा काढून दाखवला, आपण सगळ्यांनी लहानपणी आणलाय तोच, तलवार खांद्याला चिकटलेली, ढाल छातीला, पाय जुळलेले, शाळेत प्रार्थनेला उभा असल्यासारखा. मला आयुष्यभर वाटायचं हे असे का ठोकळ्यासारखे करतात, हौस नाही यांना. तर ते ठोकळे नव्हते, दोन भागांच्या साच्यातनं अख्खा बाहेर यायला तसाच उभा राहायला लागतो तो. पोरगं तिथंच पायरीवर बसून लॅपटॉपवर हात अंगाला चिकटवायला लागलं, कारागीर मागनं सांगतायत, "कोपर आत घे, आजून, हां." तलवार वेगळी ठेवली, मुठीत नुसतं भोक, त्यात मागनं तारेची तलवार नाहीतर खराट्याच्या हिरीचा भाला खोचायचा. चार वेळा प्रिंट बदलला, पाचव्याचा सिलिकॉन साचा केला.

गणपती आणि देवीचं काम उरकलं की कुंभार गल्लीत दिवाळीपर्यंत हात जरा मोकळे असतात, तेवढ्यात ६०० नग काढले. दिवाळीत चाळीस रुपयाला एक, त्यातले ५४० गेले. २१,६०० रुपये, कारागिराचे आणि प्रिंटरवाल्या पोराचे वजा जाता मामांना गाळ्याचं सव्वा महिन्याचं भाडं सुटलं. फार नाही. पण ही विक्री ऑनलाइन गेली नाही, कारण दिवाळीच्या आदल्या दिवशी किल्ल्याला मावळा कमी पडतो तेव्हा पोरगं कुरिअरची वाट बघत बसत नाही, बापाला गाडी काढायला लावतं. शिवाय मामांनी टेबलावर रंगवायला बसवलं, मावळा घ्या, रंग आणि ब्रश इथले वापरा, वीस रुपये जास्त. आयांनी आनंदानं दिले. ज्या टेबलाची फी घ्यायला मामा तयार नव्हते त्याच टेबलाचे वीस-वीस रुपये गल्ल्यात पडत होते, मी काही बोललो नाही.

दुकान वाचलं असं म्हणणार नाही. पेट्यांचं कपाट आता एकच, तेपण अर्धं. पाट्या-वह्या परत पुढं आल्यात. टेबल रविवारी सकाळी दहा ते एक, बाकीचे दिवस त्याच्यावर प्रोजेक्टचे थर्माकोल आणि पुठ्ठे. भिशी सहा जणांची चालू आहे, हप्ता दोनशे, त्यातनं रंग आणि ब्रश. मुलगा अजून म्हणतो गाळा सोडा, आणि त्याचं चुकत नाही, वही माझ्याकडं आहे. प्रिंटरवर छापलेल्या मिन्या टेबलावर चालतात, मामांची हरकत नाही, फक्त रंग न लावलेली मिनी टेबलावर आणायची नाही हा नियम. त्या नियमानं रंग खपतात. म्हातारा वाटतो तेवढा भोळा नाही.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेनं परत धोक्याची पातळी ओलांडली. मामा पाहुण्यांकडं गेलेले, शटरची एक चावी माझ्याकडं. ग्रुपवर कुणीतरी बंधाऱ्याची पातळी टाकली आणि अर्ध्या तासात नऊ पोरं दुकानासमोर, त्यातली तीन तर भिशीतपण नाहीत. त्या दाराच्या टेबलाला खालनं पाय स्क्रूनं बसवलेले, ते काढले, चौघांनी दार उचलून शिडीवरनं माळ्यावर सरकवलं, मागनं खिंडीचे डोंगर, झाडं, एम-सीलच्या पगड्यावाल्या मिन्यांचा डबा, फाशांची बरणी. शटर ओढून आम्ही चहा प्यायला गेलो. पाणी काय दुकानापर्यंत आलं नाही. दुसऱ्या दिवशी मामा आले, शटर वर केलं, आणि मला फोन.

"आरं, पेट्या सगळ्या खालच्याच कप्प्यात हाईत की रं!"